लोबुचेच्या वाटेवर चुकलेला अंदाज

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर निघालेल्या आमच्या सात जणांच्या गटात विरळ हवा कोणाला बाधेल, याचा अंदाज मी लुक्लाला उतरलो तेव्हाच बांधून टाकला होता. गटातल्या ६३ वर्षांच्या काकू प्रत्येक चढावर सर्वांच्या मागे राहत, त्यामुळे माझे लक्ष सतत त्यांच्याकडे असे. २६ वर्षांच्या मॅरेथॉनपटूची मात्र मला काळजी वाटत नव्हती.

नामचेला, ३,४४० मीटरवर, आम्ही दोन रात्री काढल्या. तेंगबोचेनंतर ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेलाही दोन. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र) लावून आकडे वहीत उतरवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या तरुणाचा आकडा बहुतेक वेळा सर्वांत वरचा असल्याने मी अधिकच निर्धास्त झालो. लोबुचेला, ४,९४० मीटरवर, पोहोचलो त्याच संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले, जेवण नकोसे झाले आणि रात्रीतून दोनदा उलटी झाली. टाचेला अंगठा जुळवत सरळ रेषेत तो नीट चालू शकत होता, म्हणजे मेंदूला सूज आल्याचे लक्षण तरी दिसत नव्हते. उजाडताच आम्ही त्याला घेऊन फेरिचेला उतरलो. काकूंना त्या रात्री शांत झोप लागली होती.

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘याआधी एवढ्या उंचीवर गेला होतात का, आणि तेव्हा काय झाले होते?’ तेव्हा त्याला आठवले की, चार वर्षांपूर्वी विमानाने थेट लेहला गेल्यावर त्याला दोन दिवस डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास झाला होता, आणि त्याचे खापर त्याने जेवणावर फोडले होते. निघण्यापूर्वी मी सर्वांकडून भरून घेतलेल्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, रोजचे धावणे, सगळे विचारले होते. हे एवढेच विचारले नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलेले मी त्याच वहीत लिहून घेतले. पूर्वी झालेला त्रास हा हाताशी असलेला सर्वांत भरवशाचा संकेत असतो, मात्र पूर्वी त्रास झाला नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे म्हणता येत नाही. तंदुरुस्तीने संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर जातो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. ऑक्सिमीटरचा आकडा गार बोटांनीही बदलतो, आणि आजारी पडणाऱ्यांचे व न पडणाऱ्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की, केवळ त्यावरून भाकीत करणे धोक्याचे ठरते. प्राणवायू कमी पडल्यावर श्वास किती वाढवायचा, ही प्रत्येक शरीराची सवय वेगळी असते आणि ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

उरतो तो वेग, आणि तो आखणाऱ्याच्या हातात असतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आमची दिंगबोचे ते लोबुचे ही मजल ५३० मीटरची होती. इतरांना ती पचली. ज्याला पूर्वी त्रास झाला आहे, त्याने याहूनही सावकाश चढावे आणि ॲसिटाझोलामाइड हे विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीचे औषध आधीपासून घ्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे डोके दुखायचे थांबले. त्याला पुन्हा यायचे आहे, म्हणून फेरिचेतच बसून आम्ही त्याच्यासाठी नवी आखणी केली. तीत दिंगबोचे आणि लोबुचे यांच्यामध्ये, ४,६२० मीटरवरच्या थुकलाला, एक जादा मुक्काम आहे.