तुम्ही विचारलंत म्हणून: आता भूकच लागत नसेल ना?

लिफ्टमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून लोंबकळताना विचारतात. "आता तुला भूकच लागत नसेल ना गं?" विचारणारीच्या आवाजात थोडा हेवा असतो, थोडी कीव. मी "नाही गं" म्हणते, हसते, विषय बदलते आणि सुटते. वजन उतरवायचं ऑपरेशन केल्यापासून साडेतीन वर्षं अशी सुटतेय. आता एकदाच बसून सांगते.

ऑपरेशन का केलं, कितीला पडलं, विम्याचे मिळाले का, हे आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त ठाऊक आहे, तेव्हा ते सोडते. जून २०२२, स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, तेव्हाचं वजन ११२ किलो आणि उंची पाच फूट एक इंच. पुढे.

भूक लागत नाही हे पहिल्या वर्षापुरतं अगदी खरं होतं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगवटा जातो, आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. म्हणजे नुसती जागा कमी होत नाही, हाक मारणाराच जातो. दुपारचे दोन वाजले तरी पोटात काही हलायचं नाही. मोबाइलवर गजर लावून जेवायचे मी. दीडएक वर्षाने भूक परत आली, बेताची, शहाण्या मुलीसारखी. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीबद्दल आहे. आपल्याकडे बरं आहे, भूक वेगळी आणि वखवख वेगळी. भूक पोटात होती, ती सर्जनने काढून ट्रेमध्ये ठेवली. वखवख कुठे असते ते मला अजून नीट सापडलेलं नाही. कधी हातात असते, कधी संध्याकाळच्या सहाच्या ठोक्यात, कधी कुणाशी वाजलं की जिभेच्या मुळाशी. तिथे दुर्बीण पोचत नाही.

पंचवीस वर्षं फोर्टात नोकरी केली. सकाळी ठाणे स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव, कानात गाडीची घोषणा, पाच-सहा घासांत खलास. ऑफिसात डबा दहा मिनिटांत, घासागणिक पाण्याचा घोट. चावायचं नाही, ढकलायचं. घरी सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने, कढईतूनच पोळी फिरवून. याला मी जेवण म्हणत होते.

ऑपरेशननंतरचे नियम नेमके याच्या मुळावर. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. त्या नळीत दोन्हीला जागा नसते, आणि वरून पाणी प्यायलं की पोट भरल्याचं कळण्याआधीच घास पुढे वाहून जातो. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा. आधी प्रथिनं, म्हणजे अंडं, मासा, पनीर, मग भाजी, जागा उरली तर भात. ज्या घरात जेवणाची सुरुवात वरणभात-तूप-लिंबाने होते तिथे हे ताट उलटं फिरवण्यासारखंच होतं. सोडा बंद. तलावपाळीला फेरी मारून गोटी सोडा, हा आमचा रविवार होता, तो गेला. पाणी दिवसभरात दीड-दोन लिटर, पण घोट घोट. पहिल्या आठवड्यात मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून पाणी प्यायलेय.

माझ्या मुलाने एक युक्ती काढली. ताटाशेजारी पेला नसला की मी उठून जाऊन पिते, हे त्याने पाहिलं होतं. तर पेला ठेवायचा, पण पालथा. हात जायचा, बुडाला लागायचा आणि परत यायचा. आमच्या स्टीलच्या पेल्यांच्या बुडावर सासूबाईंचं नाव घातलेलं आहे, टिंबाटिंबांचं. त्या वर्षात मी ते नाव बोटांनी इतक्या वेळा वाचलं, की त्यांनी हयातीत मला मारलेल्या हाका त्यापेक्षा कमी भरतील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आई गेली. ऑपरेशनला पाच महिने झाले होते. तिला ते पसंत नव्हतं. "चांगलं पोट कापून घेतेस?" एवढंच म्हणाली होती. आणि मी घरी आल्यावर पंधरा दिवस मुगाचं कढण गाळून, किटलीत भरून, कोपरीहून रिक्षाने पाठवत राहिली.

तेराव्याला दादाकडे गोडाचं जेवण होतं. सतरंज्या घालून पंगत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, वरणभात. मी वाटीत थोडं वरण घेऊन बसले होते. शेजारी मावशी. "हे काय चिमणीचं खाणं? आईच्या नावाने दोन पुऱ्या तरी खा." भांडायची ताकद नव्हती. खोटं कशाला बोलू, भांडायची इच्छाही नव्हती. तेरा दिवस धड जेवले नव्हते आणि पुरीचा वास येत होता.

पहिला घास चावला. दुसरा अर्धवट. तिसऱ्यापासून मी पंगतीच्या वेगाने जेवायला लागले. पंगतीला तिचा स्वतःचा वेग असतो. वाढपी येतो, पुढचा विचारतो, पलीकडची भातावर पोचलेली असते, आपण मागे राहिलो की सगळी रांग आपल्यासाठी ताटकळणार. चौथा घास गिळला आणि छातीच्या मधोमध, जिथे मंगळसूत्राच्या वाट्या येतात तिथे, काहीतरी थांबलं. हात निघाला. दादाकडे पेला सुलटा होता. भरलेला. मी दोन मोठे घोट घेतले, आयुष्यभर घेतले तसेच, वरून ढकलायला.

हा ठसका नव्हे. श्वास चालू असतो. आत कुणीतरी मूठ आवळून बसलंय, वर पाणी साचतंय आणि त्याला खाली जायला वाट नाही, असं. नाक गळायला लागलं. तोंडात लाळ सुटली, ती गिळवेना. पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, कळ. पंगतीतून मध्येच उठू नये म्हणतात, मी उठले. बाथरूमची कडी लावली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून ओणवी झाले. आधी नुसता फेस. पांढरा, घट्ट, कपडे भिजवल्यावर येतो तसा. वीसेक मिनिटं फेसच. मग पुरीचा तुकडा. कड दुमडलेली तशीच, तिला चिकटलेली मोहरीसुद्धा जागच्या जागी.

बाहेर वहिनी दारावर हलकेच थापा मारत होती. "रडून घे गं. मोकळी हो. तेरा दिवस तू रडलीच नाहीस." मागून मावशी, "आईवर फार जीव हिचा." मी आवाज न करता ओकत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ओकारीचं. बाहेर आले तर वहिनीने जवळ घेतलं. चार बायकांनी पाठीवरून हात फिरवला. काय झालं असं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आईच्या तेराव्याला पुरी अडकली यापेक्षा, आईच्या आठवणीने रडली, हे बरं दिसत होतं.

त्या रात्री तिथेच राहिले. एक वाजता उठून फ्रिज उघडला. श्रीखंडाच्या डब्यात वाटीभर उरलं होतं. चमचा घेतला, उभ्यानेच, फ्रिजच्या उजेडात. छाती अजून ठणकत होती. एक चमचा खाल्ला, थांबले. काही नाही. दुसरा. काही नाही. जठराचं बायपास झालेल्यांना, म्हणजे वजनाचंच दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन झालेल्यांना, गोड जास्त झालं की डम्पिंग होतं, घाम, धडधड, पोटात मुरडा. शरीरच काठी उगारतं. स्लीव्हवाल्यांनाही कधीकधी होतं. मी त्या काठीची वाट पाहत पाऊण तास उभी होते. नाही आली. दुपारी चार घासांनी जीव नकोसा केला आणि रात्री अख्खी वाटी, न अडखळता.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं मी नंतर बरेच महिने सांगत फिरले. सांगितलं होतं. फाइलमध्ये छापलेलं होतं, चौथ्या पानावर. भाकरी अडकते, कोंबडी अडकते, नीट न चावलेलं पनीर अडकतं. श्रीखंड, आइस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्किट, वेफर्स, चिवडा अडकत नाही. चिवडा तोंडात मऊ होतो आणि नळीतून वाळूसारखा सरकतो. मूठ मूठ करत डबा तळाला जाईल, पोट ब्र काढणार नाही. मी पोटाच्या दारावर रखवालदार बसवला होता, तो भाजीवाल्याला अडवतो आणि चोराला सलाम ठोकतो.

वजन ७६ पर्यंत उतरलं होतं. आज ८३ आहे. हा आकडा ऐकून तुमच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला दिसतं. एवढं करून? हो, एवढं करून मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत, रात्री नाकावर मशीन लावून झोपावं लागत नाही, आणि ठाणे स्टेशनचा पूल मी मध्ये न थांबता चढते. थोडं वजन पुष्कळांचं परत येतं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. "सोपा मार्ग घेतलास" म्हणणाऱ्यांनी एकदा पालथ्या बादलीवर वीस मिनिटं बसून बघावं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आलं तेव्हापासून नवीन सूर लागलाय, "जरा थांबली असतीस तर इंजेक्शनावर भागलं असतं." आणखी पावणेतीन वर्षं, ११२ किलोत? तुम्ही थांबा.

असं तावातावाने बोलून मी रात्री नऊला कपाटावरचा चिवड्याचा डबा काढते. बोलणारीही मीच, काढणारीही मीच.

ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म भरून घेतला होता. 'कोणत्या सवयी सोडाल?' त्याची झेरॉक्स अजून फाइलमध्ये आहे. मी लिहिलंय: साखर, तळलेलं, उशिराचं जेवण. सुवाच्य अक्षरात, निबंध स्पर्धेला बसल्यासारखं. त्या बाईला धरून विचारावंसं वाटतं, अगं, उभ्याने खाणं कुठे लिहिलंस? घाई कुठेय? पोराच्या ताटातली अर्धी पोळी? ती म्हणेल, त्या काय सवयी आहेत? घर असंच चालतं. सातची लोकल पकडून ये आणि मग मला वीस वेळा चावायला शिकव. तिचं तेही खरं आहे, मी तेव्हा तिच्या जागी होतेच की. पण तिने फॉर्मवर खोटं लिहिलं, आणि निस्तरतेय मी.

उरलंसुरलं संपवायची सवय तर माझीही नव्हे, आईची. "घासभर तर आहे, कशाला ठेवायचं?" म्हणून तो घास ती खायची, पुढे मी खायला लागले. आहारतज्ज्ञ मुलगी, असेल पंचविशीची, म्हणाली, "काकू, कचऱ्याच्या डब्यात गेलं तरी वायाच आणि तुमच्यात गेलं तरी वायाच." बरोबर बोलली. मला इतका राग आला की पुढच्या दोन अपॉइंटमेंट मी चुकवल्या. आता उरलेल्या पोळ्या फोडणीच्या पोळीसाठी बाजूला ठेवते. दोन चमचे आमटी उरली तर कधी बेसिनमध्ये ओतते, कधी वाटी तोंडाला लावते. आमटी अडकत नाही.

चहाचे सहाचे तीन कप झालेत. साखर गेली, बिस्किट गेलेलं नाही. जेवतानाचं पाणी मात्र सुटलं. घरी पेला आता पालथा ठेवावा लागत नाही. पंगतीत अजून हात जातो.

एक राहिलं. वहिनी, तू हे वाचशील. त्या दिवशी बाथरूममध्ये मी रडत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीखंडाचा डबा रिकामा बघून तू पोरांना समोर उभं केलंस, आणि धाकट्याने घाबरून "हो, मीच" म्हटलं. मी तिथेच खुर्चीवर कोमट पाणी पीत होते, घोट घोट, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. श्रीखंड मी खाल्लं होतं, बोलणी त्याने खाल्ली. त्याला सांग. किंवा राहू दे, मीच सांगते.