फवारणी वही अपडेट: बागेची बेरीज एकदाची हलली!

फवारणी वही म्हणजे द्राक्षबागांच्या फवारण्या आणि त्यांचा खर्च नोंदवायचं माझं मॅक अ‍ॅप; त्यातली बाग-प्लॉट-फवारणी ही तीन टेबलांची साखळी आता पक्की चालतेय. प्लॉटच्या अ‍ॅरे कंट्रोलरचा (टेबलाला नोंदी पुरवणारा घटक) कंटेंट सेट, म्हणजे त्याच्या नोंदींचा संच, बाग कंट्रोलरच्या सिलेक्शन.प्लॉट्सला, फवारणीचा तसाच प्लॉटच्या सिलेक्शनला, आणि तिघांनाही मॅनेज्ड ऑब्जेक्ट कॉन्टेक्स्ट (कोअर डेटामधला सगळ्या नोंदी सांभाळणारा भाग) बाइंड, म्हणजे जोडलेला. दिंडोरीच्या बागेतला थॉमसन द्राक्षांचा प्लॉट क्लिक केला की त्याच्याच फवारण्या समोर, कोडची एक ओळ न लिहिता, काय भारी वाटतं! सेटला क्रम नसतो, त्यामुळे तारखेचा सॉर्ट डिस्क्रिप्टर (क्रम ठरवणारी सूचना) मात्र लावाच.

आता जिथे घोडं अडलं होतं ते. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) पाऊस लागला की डाउनी रोगासाठी फवारणीवर फवारणी, मग मामांना अख्ख्या बागेचा खर्च एका आकड्यात हवा असतो. प्लॉटचा खर्च सोपा, फवारणी कंट्रोलरच्या अरेंज्ड ऑब्जेक्ट्सवर (टेबलात दिसणाऱ्या नोंदींवर) सम, म्हणजे बेरजेचा ऑपरेटर, रक्कम बदलली की लेबल लगेच बदलतं. बागेचं लेबल मात्र ढिम्म! दुसऱ्या बागेवर जाऊन परत आलं की आकडा बरोबर, म्हणजे हिशोब ठीक आहे, खबरच दोन पायऱ्या वर पोचत नाही. कीपाथ्स-फॉर-व्हॅल्यूज-अफेक्टिंगचा (कोणती प्रॉपर्टी कशावर अवलंबून ते सांगायची सोय) रस्ता बंदच, त्यात टू-मेनी, म्हणजे एकाला अनेक जोडलेलं नातं, ओलांडणारा की पाथ (प्रॉपर्टीपर्यंतचा नावांचा रस्ता) चालत नाही, अ‍ॅपलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. प्रत्येक फवारणीवर ऑब्झर्व्हर (बदलावर लक्ष ठेवणारा) लावा-काढा करणं सीझनमध्ये नोंदी सारख्या वाढत असताना मला पटत नाही.

शेवटी कॉन्टेक्स्टचं ऑब्जेक्ट्स-डिड-चेंज नोटिफिकेशन धरलं. विंडो कंट्रोलरमध्ये एकूणखर्च प्रॉपर्टी, लेबल तिलाच बाइंड, नोटिफिकेशन आलं किंवा सिलेक्शन बदललं की निवडलेल्या बागेची बेरीज नव्याने. डिलीटची धास्ती होती, फवारणी उडवली की तिचा प्लॉट निल (रिकामा), मग बाग शोधायची कशी? पण निवडलेलीच बाग मोजायची तर शोधायचंय कशाला! रक्कम बदलून टॅब दाबला आणि वरचा आकडा हलला, दोनदा परत करून बघितलं.

इंटरफेस बिल्डरमध्ये (विंडो मांडायचं टूल) की पाथ नुसती स्ट्रिंग असते, कंपायलर काही तपासत नाही, हे मला अजिबात आवडत नाही. पण तीन टेबलांचा डेटा सोर्स हाताने लिहिण्यापेक्षा बाइंडिंग्ज शंभर टक्के बरे.

पुढे ट्री कंट्रोलर (तिन्ही पायऱ्या एकाच झाडासारख्या यादीत दाखवणारा) करणार होतो, पण इंटरफेस बिल्डरमध्ये त्याला सगळ्या लेव्हलसाठी एकच चिल्ड्रन की पाथ देता येतो, म्हणजे बागेत आणि प्लॉटमध्ये एकाच नावाची जादा प्रॉपर्टी घाला, सध्या नको. त्यापेक्षा हे लिहितानाच सुचलं, दोन बागा एकदम निवडल्या तर? अ‍ॅरे कंट्रोलरला कंटेंट-अ‍ॅरे-फॉर-मल्टिपल-सिलेक्शन (एकाहून जास्त निवडल्यावर कुठल्या नोंदी घ्यायच्या ते सांगणारं) बाइंडिंग आहेच, आधी तेच लावून बघतो. कोणी वापरलं असेल तर सांगा.