भागलं तर आलेख रुंद कसा होतो?

घरी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हा प्रश्न मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात: "क्षच्या जागी क्ष/2 लिहिलं की आलेख आडवा पसरतो. भागल्यावर तर तो आक्रसायला हवा ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या सरांनी "कंसातलं सगळं उलटं चालतं, पाठ करा" एवढ्यावर आमची बोळवण केली होती आणि मीही ते इमानेइतबारे पाठ केलं होतं. उलटं-बिलटं काही नसतं.

पर्वती घ्या. पायऱ्या 103. तुम्ही भराभर चढून तशाच खाली उतरता, सासूबाई सगळं बरोबर निम्म्या वेगाने करतात. आठव्या मिनिटाला त्या कुठे असतील? चौथ्या मिनिटाला तुम्ही होता तिथे. म्हणजे त्यांची उंची हवी असेल तर मिनिटांना 2 ने भागायचं आणि कितव्या मिनिटाला तुम्ही किती उंच होता त्या तक्त्यात बघायचं. भागाकार आला तो असा. आलेखात वेळ आडवा, उंची उभी; त्यांना वेळ दुप्पट लागला, म्हणून आलेख आडवा दुप्पट. पर्वती होती तेवढीच उंच.

आता य = क्ष² − 4क्ष. हा पॅराबोला क्ष-अक्षाला 0 आणि 4 वर छेदतो, शिरोबिंदू, म्हणजे त्याचा तळ, (2, −4). आडवा दुप्पट ताणला की छेद 0 आणि 8 वर, शिरोबिंदू (4, −4). य-अक्षापासूनचं प्रत्येक अंतर दुप्पट, खोली तीच.

मागे एका मुलीने उत्तर लिहिलं, क्ष²/2 − 4क्ष. आलेख कागदावर ठिपके 0 आणि 8 वर, अगदी सुबक. मी बरोबरची खूण करायला पेन टेकवलंसुद्धा. मग नजर खाली गेली. तळ −8 वर, कागदाच्या कडेला टेकलेला! बाईसाहेबांनी 2 फक्त पहिल्या पदाखाली दिला होता. क्ष जिथे जिथे आहे तिथे, आणि कंसासकट: (क्ष/2)² − 4(क्ष/2), म्हणजे क्ष²/4 − 2क्ष. तिचं उत्तर नेमकं याच्या दुप्पट, म्हणून छेद जुळले आणि मी फसता फसता राहिले.

नुसता क्ष² घेऊन हे शिकवूच नये, या मतावर मी ठाम आहे. तो आडवा दुप्पट ताणा नाहीतर उभा दाबून पाव करा, दोन्हीकडून क्ष²/4 च येतं, आणि पोरांना कळतच नाही की आपण ताणलं की दाबलं.