कोडे सुटल्यावर आधी काय सांगावे

बुद्धिबळाची रचलेली कोडी एकट्याने सोडवता येतात आणि बहुतेक जण ती एकट्यानेच सोडवतात; पण त्यांतली खरी गोडी मला दूरदूर राहणाऱ्या काही सोबत्यांशी बोलू लागल्यावर कळली. सांगलीचे एक निवृत्त गणितशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ठाण्याचा माझा जुना मित्र, शिकायला जर्मनीत गेलेली भाची आणि आणखी एकदोघे, अशी ही मंडळी आहे. रविवारी रात्री कोणीतरी फोनवर एक मांडणी पाठवतो आणि आठवडाभर तिच्यावर बोलणे चालते. सरांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता, तो असा की उत्तराची चाल कोणी आधी सांगायची नाही. आधी सांगायची ती बरोबर वाटलेली पण फसलेली चाल, आणि ती समोरच्याच्या नेमक्या कोणत्या उत्तराने फसते तेही. कोड्यावर बोलण्याची हीच योग्य रीत आहे असे माझे ठाम मत झाले आहे, आणि फर्नांडो सावेद्रा या धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध मांडणीइतका त्याचा चांगला दाखला दुसरा नाही.

या मांडणीत पटावर फक्त चार मोहरी आहेत. (घराच्या नावातले अक्षर, ए ते एच, म्हणजे उभा स्तंभ, आणि आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ.) पांढऱ्याचा राजा बी६ वर आणि प्यादे सी६ वर आहे. काळ्याचा राजा ए१ वर, म्हणजे अगदी कोपऱ्यात, आणि हत्ती डी५ वर आहे. पांढऱ्याने खेळून जिंकायचे आहे. प्यादे सी७ वर सरकते आणि काळा डी६ वरून शह देतो, इथपर्यंत सगळ्यांना दिसते. आता राजा कुठे न्यायचा? बी७ वर नेला तर हत्ती डी७ वर येऊन प्यादे जखडतो, म्हणजे ते हलले तर राजालाच शह बसेल असे करतो, आणि पुढच्या चालीला ते मारतो. सी५ वर नेला तर हत्ती डी१ वर जातो, आणि प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचून त्याचा वजीर झाला की सी१ वरून शह देऊन राजामागचा वजीर उचलतो. म्हणून राजाला बी५, बी४, बी३ असे पायरी पायरीने उतरावे लागते, हत्ती डी५, डी४, डी३ वरून शह देत राहतो, आणि शेवटी राजा सी२ वर येतो तेव्हा शह संपतात. एवढे सापडले की सोडवणाऱ्याला वाटते, झाले काम.

पण काळ्याकडे अजून एक चाल शिल्लक आहे. तो हत्ती डी४ वर ठेवतो. पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी४ वर येऊन शह देतो, वजिराला तो मारावाच लागतो, आणि मग ए१ वरच्या काळ्या राजाला शह नसूनही हलायला एकही घर उरत नाही, म्हणजे स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटतो. उत्तर असे की सी८ वर वजीर करायचाच नाही, हत्ती करायचा; नियमाने तेही चालते. हत्तीचा मारा ए२ वर पोहोचत नसल्यामुळे आता सी४ वरच्या शहाने स्टेलमेट होत नाही: पांढरा तो हत्ती मारतो, काळा राजा ए२ वर जातो आणि ए४ वरून मात होते. शिवाय नव्या हत्तीने ए८ वरून मात करण्याची धमकी उभी राहिलेली असते, म्हणून काळ्याला हत्ती ए४ वर आणून अडवावे लागते. तेव्हा पांढरा राजा बी३ वर येतो आणि एकाच चालीत हत्तीवर हल्लाही होतो आणि सी१ वरून मात करण्याची धमकीही बसते. दोन्ही एकदम टाळणे काळ्याला शक्य नसते.

नुसते ‘सी८ वर हत्ती’ असे कोणी लिहून पाठवले असते, तर यातले काय हाती आले असते? आमच्यात ही मांडणी आली तेव्हा ठाण्याच्या मित्राने सी५ ची फसलेली वाट पाठवली, भाचीने बी७ ची पाठवली, आणि या दोन वाटा शेजारी ठेवल्यावरच राजाने बी स्तंभातूनच खाली का उतरायचे हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आले. रचनाकाराचे कसब उत्तराच्या चालीइतकेच, किंबहुना अधिकच, फसणाऱ्या चालींत असते. प्रत्येक चुकीची वाट एकेका वेगळ्या आणि नेमक्या कारणाने बंद करणे हेच त्याचे खरे काम असते.

या मांडणीचा इतिहास तर असल्या चर्चेचाच इतिहास आहे. १८७५ साली फेंटन आणि पॉटर या खेळाडूंमध्ये झालेल्या एका डावाच्या शेवटाशी तिचे नाते आहे. १८९५ मध्ये पॉटर वारल्यानंतर ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर चालवणारे बार्बिए यांनी त्या डावाच्या आठवणीवरून एक कोडे दिले, आणि वर सांगितलेल्या स्टेलमेटच्या युक्तीमुळे काळा बरोबरी साधतो असे उत्तर ठरवले. त्या वेळी ग्लासगोत राहणारे फर्नांडो सावेद्रा नावाचे स्पॅनिश धर्मगुरू सदराचे वाचक होते. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कुठेही नव्हते. त्यांनी छापलेला निकाल मान्य केला नाही आणि हत्ती करण्याची चाल दाखवून दिली. पुढे तेव्हाचे जगज्जेते इमॅन्युएल लास्कर यांनी प्यादे एक घर मागे, सी६ वर, ठेवून पांढऱ्याने जिंकण्याचे कोडे म्हणून ही मांडणी मांडली आणि ती जगभर गेली. एका वाचकाने ‘बरोबरी’ या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून अंत्यडावांतली एक अत्यंत सुंदर रचना आपल्याला मिळाली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आज राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरी असलेल्या कोणत्याही स्थितीचा अंतिम निकाल संगणकाच्या तक्त्यांत तयार असतो आणि जुन्या कित्येक रचना त्यामुळे सदोषही ठरल्या आहेत. त्या तक्त्यांचा मी आदर करतो, आणि रचना निर्दोष आहे की नाही हे ठरवायला त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही. मात्र तक्ता प्रत्येक चालीपुढे जिंकली, बरोबरी किंवा हरली आणि फार तर चालींची मोजदाद एवढेच सांगतो. त्यामागचे कारण माणसांनी एकमेकांना विचारून शोधावे लागते. म्हणून आमच्यात चर्चा संपेपर्यंत इंजिन, म्हणजे चाली शोधणारी संगणकप्रणाली, लावायचे नाही आणि संपल्यावर न चुकता लावायचे, असे दोन्ही पाळले जाते.

या छंदाचा एक जुना धागा भारतातही सापडतो. १८४५ साली इंग्लंडमध्ये तिथले नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांच्या बुद्धिबळाच्या मासिकात भारतातून आलेले चार चालींत मात करण्याचे एक कोडे छापून आले. पाठवणाऱ्याने ‘शागीर्द’ असे टोपणनाव घेतले होते. ते दिल्लीत असलेले पाद्री हेन्री लव्हडे होते असे नंतर कळले. त्यातली कल्पना त्या काळच्या वाचकांना फार अवघड गेली. पांढरा उंट कर्णावरून विनाकारण वाटावे इतका दूर मागे जातो, मग हत्ती मुद्दाम त्याच्याच वाटेत येऊन उभा राहतो, त्यामुळे कोंडला जाणाऱ्या काळ्या राजाला एक घर मोकळे मिळते, आणि राजा तिथे आला की हत्ती बाजूला सरून उंट आणि हत्ती या दोघांचा मिळून शह आणि मात होते. मूळ मांडणीत दोष होते आणि उत्तरासाठी दुसऱ्या वाटाही निघत होत्या. तरीही वाचकांनी ती कल्पना टाकून दिली नाही; पुढच्या रचनाकारांनी ती निर्दोष मांडण्यांत परत परत वापरली आणि ‘भारतीय कल्पना’ या नावाने ती कोड्यांच्या शास्त्रात कायमची रुजली.

कोडी सोडवण्याची जागतिक स्पर्धाही १९७७ पासून होते. दोन चालींत मात करण्याच्या तीन कोड्यांना तिथे फक्त वीस मिनिटे मिळतात, आणि जॉन नन यांच्यासारख्या ग्रँडमास्टरने ती स्पर्धा तीनदा जिंकली आहे. ते कौतुकास्पदच आहे, पण घड्याळ लावून गप्प बसून सोडवणे हा माझा पिंड नाही.

नव्याने येणाऱ्या माणसाला आम्ही नेहमी खेळाडू आणि रचनाकार रिचर्ड रेटी यांची १९२१ सालची मांडणी देतो. पांढरा राजा एच८ वर, प्यादे सी६ वर; काळा राजा ए६ वर, प्यादे एच५ वर. पांढऱ्याने खेळून बरोबरी साधायची आहे. काळ्याचे प्यादे पकडायला पांढरा राजा दोन घरे मागे आहे आणि आपल्या प्याद्याला सोबत द्यायलाही फार दूर आहे. तो जी७, एफ६ असा तिरका चालत दोन्ही कामांच्या दिशेने एकदम सरकतो. काळा राजा बी६ वर प्यादे खायला आला की पांढरा ई५ वर जातो: काळ्याने प्यादे मारले तर राजा एफ४ वरून एच स्तंभातले प्यादे गाठतो, आणि ते प्यादे पुढे पळाले तर राजा डी६ वर जाऊन आपले प्यादे वजिराच्या घरी पोहोचवतो.

भाचीने ही मांडणी सुटल्यावर सरांना विचारले, ‘सर, काळे प्यादे एच५ ऐवजी एच४ वर असते तर?’ सरांनी उत्तर दिले नाही, तिलाच मोजायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने पूर्ण वाट लिहून पाठवली: राजा जी७, प्यादे एच३, राजा एफ६, प्यादे एच२, राजा ई७, आणि इथे काळ्याचा वजीर होतो, तेव्हा पांढरे प्यादे अजून सी६ वरच असते. पांढरा हरतो. त्याखाली तिने पुढचा प्रश्नही घातला होता, की मग पांढरा राजा एच८ ऐवजी आठव्या ओळीतल्या कोणत्या घरांवर असला तर एच४ वरच्या प्याद्याविरुद्धही बरोबरी निघते. आणि त्या आठवड्यात नवी मांडणी कोणी पाठवलीच नाही.