वक्री म्हणजे वाकडा, उलटा नव्हे

भूगोलाच्या बाईंचं नाव निघालं की मला 'वक्री' हा शब्द आठवतो. आमच्या घरी पंचांगात मंगळ वक्री, म्हणजे उलटा चाललेला, दिसला की आजी नवीन काम सुरूच करू द्यायची नाही, म्हणून मी वर्गात विचारलं, बाई, ग्रह खरंच उलटा चालतो का? बाईंनी लगेच उत्तर दिलंच नाही. २००५ चा ऑक्टोबर होता, पाऊस सरत आलेला, म्हणाल्या रात्री हात लांब करून बघायचं कृत्तिकांच्या तारकापुंजापासून मंगळ किती लांब आहे, आणि वहीत ठिपका काढून लिहायचं. सुरुवातीला जेमतेम एक मूठ अंतर होतं, ते वाढत वाढत डिसेंबरात पुरती वीतभर झालं आणि मग मंगळ थांबला नि परत कृत्तिकांकडे यायला लागला!

मग बाईंनी ग्राउंडवर फक्कीने दोन गोल आखले. आतल्या गोलात मी पृथ्वी, बाहेरच्या गोलात मंगळ झालेला मित्र, त्याच्यामागे कंपाउंडची झाडं म्हणजे तारे. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किमी जाते, मंगळ २४, म्हणून मी भरभर चालायचं. मी त्याला गाठून पुढे जायला लागले तसा तो झाडांच्या मानाने मागे मागे सरकताना दिसला, आणि तो तर बिचारा सरळ पुढेच चालत होता. साधारण दर २६ महिन्यांनी हे असं होतं.

शब्दाचं बाईंनी सांगितलं ते मला अजून भारी वाटतं. वक्रीला इंग्रजीत रेट्रोग्रेड म्हणतात, तो लॅटिनमधून आलाय, त्याचा अर्थच मागे पाऊल टाकणारा. आपला वक्री 'वक्र' वरून, म्हणजे वाकडा, वक्रतुंडातला तोच वक्र. जुन्या काळचा ज्योतिषी वराहमिहिर, त्याने बृहज्जातक या ग्रंथात मंगळाला 'वक्र' हेच एक नाव दिलंय, आणि सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ग्रहांच्या आठ गती सांगितल्यात, वक्रा, मंदा, समा, शीघ्रा वगैरे. माझ्या मते आपलाच शब्द जास्त बरोबर, कारण वहीतले ठिपके जोडले तर मंगळाची वाट वळसा घेतलेलीच दिसते. आजीला ती वही दाखवली, तिने चष्मा लावून नीट बघितली, पण नवीन काम काही सुरू करू दिलं नाही.

आत्ताच्या मुलांनी जानेवारी २०२७ पासून सिंह राशीतला मंगळ बघावा, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वक्री असेल. फक्त वही रोज लिहा.