नायट्रो मंगळवारी, समुद्र पंचांगानं

नागपूरहून मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर. आमच्या घरातल्या पोरांनी समुद्र पाहिला तो एकदाच, तोही कडेवरून. एरवी पाण्याकाठी बसायचं तर फुटाळा, नाहीतर अंबाझरी. यंदा लेक सोळाची, धाकटा तेराचा आणि वर्ध्याचा भाचा चौदाचा. पुढच्या वर्षी लेकीची बारावी आणि भाच्याची दहावी एकदमच. म्हणजे हीच वेळ होती.

पोरांना खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातला रोलर कोस्टर हवा होता, नवऱ्याला किल्ले हवे होते आणि मला अलिबागकडच्या वाळूत आडवं पडायचं होतं. नवऱ्यानं तक्ता केला: पाच दिवस, अकरा ठिकाणं. लेकीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बाबा, ही सहल आहे का प्रचारदौरा?" मग तक्ता तिच्याच हाती दिला. तिनं अकराचे चार केले. दोन अटी घातल्या: पार्क आधी, समुद्र नंतर, आणि गजर लावून उठणं सबंध सहलीत एकदाच. पहिली अट मला तेव्हा हट्ट वाटली होती, पण ती बरोबर निघाली. समुद्र आधी केला असता तर उन्हानं सोललेल्या खांद्यांवर राइडचे पट्टे आवळून घ्यावे लागले असते, शिवाय किनाऱ्यावर बसून "इमॅजिका कधी?" हे ऐकावं लागलं असतं ते वेगळंच.

कसं जायचं यावर घरात आठवडाभर खल झाला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झालाय. ७०१ किलोमीटर, इगतपुरीच्या पुढचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, सगळं खरं. नवऱ्याचा जीव त्यात अडकला होता. पण तो रस्ता तुम्हाला भिवंडीजवळ आमण्याला सोडतो; पुढं खोपोलीपर्यंत मुंबईच्या कडेकडेची गर्दी असतेच. आणि त्या सरळसोट सिमेंट रस्त्यावर एकट्यानं गाडी हाकायची म्हणजे डोळा लागण्याची भीती. घरात दोन पक्के चालवणारे असतील आणि टायर नवे असतील, तर खुशाल जा. आम्ही संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी कल्याणला उतरलो. तिथून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकल जाते, पण पाच माणसं आणि सात बॅगा घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणं आपल्या लोकांचं काम नाही. टॅक्सी केली. सगळ्या सहलीत खिसा सर्वांत जास्त टॅक्सीनंच कापला, तेव्हा तो आकडा आधीच धरून ठेवा.

तिकिटांचं सांगते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. जुन्या सवयीनं चार महिने आधीपासून वाट बघत बसू नका. आम्ही डिसेंबरचा दुसरा आठवडा निवडला होता. नागपुरात तेव्हा हिवाळी अधिवेशन असतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं मंत्रालय घरी निघतं, मुंबईच्या गाड्यांत मुंगीला जागा उरत नाही. म्हणून रविवारी निघालो. शाळा-कॉलेजात सहा दिवसांच्या रजेचे अर्ज दिले, तेही खरं कारण लिहून. वर्गशिक्षिका फक्त हसल्या.

सोमवारी काही करायचं नाही असं ठरलं होतं. खोपोलीजवळ महडला अष्टविनायकांतला वरदविनायक आहे, तिथं संध्याकाळी जाऊन आलो, बस. रात्रभर गाडीत हेलकावे खाऊन त्याच दिवशी पार्कात घुसलो असतो तर दुपारी चारलाच सगळे बाकावर पसरले असते. मुक्काम खोपोलीतच होता. हॉटेलवाल्यानं फोनवर "शेजारशेजारच्या दोन खोल्या" म्हटलं होतं. मिळाल्या एक पहिल्या मजल्यावर, दुसरी तिसऱ्यावर, आणि गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. मोठी पोरं असली की दोन खोल्या लागतातच, लेकीला आरशासमोर अर्धा तास हवा असतो. पण खोल्या कोणत्या मजल्यावर आणि पाणी किती वाजेपर्यंत, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा आणि उत्तर मेसेजवर मागून घ्या.

मंगळवारी तो एकुलता एक गजर लागला. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. पुढं वॉटर पार्क आणि स्नो पार्कही आले, त्यांची तिकिटं वेगळी. तिन्ही एका दिवसात करायच्या भानगडीत पडू नका. आम्ही फक्त थीम पार्क घेतलं, तिकिटं आधी ऑनलाइन काढली. दार उघडल्याबरोबर पोरं धावली ती थेट नायट्रोकडे. हा कोस्टर तळ नसलेला आहे, पाय हवेत लटकतात आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. लेक दोनदा बसली. नवरा एकदा बसला आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोलला नाही. मी खाली चपला सांभाळल्या.

मंगळवार निवडला तो गर्दी नको म्हणून, पण डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. अकरापर्यंत बसवर बस लागल्या. गणवेशातल्या पोरांची ही रांग! मग लेकीनं डाव बदलला. दुपारी सगळे राइडच्या रांगेत उभे असताना आम्ही बसून बघायच्या गोष्टी उरकल्या. सहलीच्या बस चारच्या सुमारास निघायला लागल्या आणि पार्क मोकळं झालं. डीप स्पेस हा अंधारातला कोस्टर पोरांनी शेवटच्या दीड तासात तीनदा केला. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा हेच खरे तुमचे. मधला वेळ जेवण आणि सावली.

जेवणावरून आठवलं. भाच्यानं पावभाजी हाणली आणि लगेच स्क्रीम मशीनवर चढला. "मावशी, मले काही होत नाही." झालं. त्या उंच झोपाळ्यावरून उतरल्यावर पोट्टं हिरवं पडलं होतं. पोटभर खाल्लं की तासभर उलटं होणारं काही नको, आणि लिंबू-मिठाची पुडी खिशात असू द्या. बूट घट्ट नाडीचे घाला, चष्म्याला दोरी बांधा. उंचीची अट प्रत्येक राइडला वेगळी असते. धाकट्याची उंची घरीच मोजून नेली होती, त्यामुळे दारातली रडारड वाचली.

राजासॉरसची एक होडीतली सैर आहे. हा डायनासोर कल्पनेतला नाही. त्याचे जीवाश्म गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले, म्हणून त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस. मी पोरांना म्हटलं, यासाठी आठशे किलोमीटर आलो, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेत ते कधी पाहिले नाहीत. शेण म्हटल्याबरोबर धाकट्याला गोडी लागली. आता उन्हाळ्यात पिसदुरा मागतोय.

बुधवारी सगळे दहापर्यंत लोळले. मग पेणवरून अलिबागच्या बाजूला. पेणला गाडी थांबवाच. गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं, डिसेंबरातही बिनरंगाचे पांढरे गणपती रांगेनं उभे असतात. पोह्याचे पापड घेतले. अलिबागचा पांढरा कांदा मात्र या दिवसांत शोधू नका. त्याच्या विणलेल्या माळा रस्त्याकडेला लटकतात त्या फेब्रुवारीनंतर.

मुक्काम नागावला केला. अलिबाग गावातला किनारा किल्ल्यासाठी ठीक आहे, राहायला नागाव बरं: सुपारीच्या वाड्या, वाडीतच खोल्या, आणि किनारा चालत पाच मिनिटं. इथं आमच्या सावजी जिभांची परीक्षा झाली. नारळाचं वाटण, मऊसूत आमटी, तांदळाची भाकरी. पहिल्या घासाला धाकटा म्हणाला, "तिखट काऊन नाही?" दुसऱ्या दिवशी तीन वाट्या सोलकढी प्यायला. घरगुती खानावळीत जेवायचं तर किती ताटं आणि मासा कोणता हे सकाळीच सांगावं लागतं, ऐनवेळी गेलं की अंडाकरी. आणि मार्गशीर्षातला गुरुवार असला तर मासा विसरा. घरोघरी महालक्ष्मीचं व्रत असतं, चूल शाकाहारी. आम्हाला उकडीचे मोदक मिळाले, तक्रार नाही.

आता भरती-ओहोटी. नागपूरच्या माणसानं समुद्रावर जाताना ही एकच गोष्ट शिकून जावी. आमच्या वाडीच्या मालकीणबाईंनी हिशेब सांगितला: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, त्याच्या सहा तास आगेमागे ओहोटी. आमचा गुरुवार वद्य पंचमीचा. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. भाच्यानं फोनवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, थोडाच फरक निघाला. तेव्हापासून तिघं पोरं भिंतीवरच्या कालनिर्णयाला चिकटली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं मागं हटत नाही. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर कोरड्या पायांनी जायचं असेल तर तारीख ठरवण्याआधी तिथी बघा.

आम्ही साडेनऊला चालत निघालो, घोट्याएवढं पाणी होतं. घोडागाड्याही जातात, पण चालण्यातच मजा आहे. किल्ल्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथंच मरतो. नवऱ्यानं हे सांगितलं तेव्हा पोरं ऐकत होती, कारण अकरातले हा आणि जंजिरा एवढे दोनच किल्ले त्याच्या वाट्याला उरले होते. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेशाचं देऊळ आहे, आणि गाड्यावर चढवलेल्या दोन विलायती तोफा. आत किती वेळ घालवायचा ते घड्याळावर ठरवा. पाणी मागून गुपचूप येतं. परतताना आमच्या मागचं एक कुटुंब गुडघाभर पाण्यातून, चपला डोक्यावर घेऊन आलं. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, आणि भूचुंबकीय वेधशाळाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मोजणी बिघडेल म्हणून १९०४ साली ती इकडे हलवली. लेकीला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकापेक्षा ही गोष्ट जास्त पटली.

शुक्रवारी जंजिरा होता. नागावहून मुरूड एका बाजूनं दीड तास, अरुंद वळणांचा रस्ता, मग राजपुरीहून शिडाची होडी. सकाळी पोरांकडे पाहिलं तर धाकटा वाळूत खड्डा खणत होता, भाचा त्यात पाणी आणत होता, आणि लेक फोन खोलीत ठेवून आली होती. फोन ठेवून! मी नवऱ्याला म्हटलं, जंजिरा सिद्दीकडून कोणाला घेता आला नाही, आज तुम्हालाही नाही. तो थोडा रुसला, मग तोही खड्ड्यात उतरला.

पाण्यात शिरायचं ते भरती चढत असताना. ओहोटीचं पाणी आत ओढतं, आणि तलावात पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना ती ओढ कळतच नाही. धाकटा अंबाझरीच्या भरवशावर पुढं चालला होता. किनाऱ्यावरच्या एका आजोबांनी नुसतं "ए बाळा, मागं ये" म्हटलं आणि तो आला. माझ्या हाकेला आला नसता. कंबरेच्या पुढं नाही, एकट्यानं नाही, अंधार पडल्यावर नाही, एवढं बजावा. बनाना बोटवर बसायचं तर जाकिटाचे बंद स्वतः ओढून बघा, आणि भाव पाच जणांचा मिळून ठरवा.

शनिवारी मांडव्याहून रो-रो बोटीनं तासाभरात भाऊच्या धक्क्यावर. हिवाळ्यात सीगल बोटीच्या मागं उडत येतात. लोक त्यांना चिप्स टाकतात, तुम्ही टाकू नका. धक्क्यावरून सीएसएमटी जवळच आहे. सामान तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवायला प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. आमच्या एका पिशवीला नव्हतं, म्हणून ती आणि त्यातले पेणचे पापड दिवसभर नवऱ्याच्या खांद्यावर मरीन ड्राइव्ह फिरले.

परतीची दुरांतो मध्यरात्रीनंतर सुटते. म्हणजे शनिवारी रात्री बसायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. नवऱ्यानं दोन महिन्यांपूर्वी शनिवारचंच काढलं होतं. तक्ता हाती आल्यावर लेकीला ते दिसलं, आणि रद्द करून नवीन काढेपर्यंत वेटिंग चौदावर गेलं होतं. निघायच्या चार दिवस आधी कन्फर्म झालं. ती अजून रोज एकदा तरी त्याची आठवण काढते.