कोनमापक घेऊन साइटवर

फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक पिशवीत घालून मी त्या दिवशी शाळेतून थेट बांधकामावर गेले. 2023 चा फेब्रुवारी होता. कराडजवळ आमच्या घराचे कॉलम उभे राहायचे होते आणि सळईकाम करणारा फिटर झाडाखाली बसून कॉलमच्या उभ्या सळयांना वेढून धरणाऱ्या लोखंडी रिंगा वाकवत होता. त्याने केलेली एक रिंग मी उचलली, तिच्या टोकाला कोनमापक लावला. टोक काटकोनात वळलेलं होतं, 90 अंश. मला 135 हवे होते.

हे 135 कुठून आले, ते सांगायचं तर आधी माझ्या आईचं सांगायला हवं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, पाटणला. घराची दगडी भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली म्हणून सगळे वाचले, असं ती सांगते. त्यानंतर कितीतरी रात्री सगळे अंगणात पेंढा पसरून झोपले. अजूनही तिला खोलीचं दार आतून पूर्ण लावलेलं चालत नाही. घर बांधायचं ठरलं तेव्हा तिने एकच विचारलं, "हलल्यावर उभं राहील ना गं?" खोल्या किती, फरशी कुठली, यातलं काहीच नाही.

मी गणित शिकवते, बांधकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून रीतसर आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडे गेले, फी भरली, नकाशांचा गठ्ठा घेतला आणि तो ठेकेदाराच्या हातात दिला. माझं काम झालं असं मला वाटलं. पुढचे दोन महिने मी रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ बघत होते. गिलावा कसा करावा, स्लॅब का गळतो, सिमेंट कुठलं चांगलं. दहा जणांची अकरा मतं. भूकंपाचं शोधताना भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळापर्यंत पोचले. तिथे नोंदणी केली की मानकं फुकट वाचता येतात. आयएस 13920 हे मानक भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाबद्दल आहे. त्यात रिंगेच्या टोकाची आकृती पाहिली. टोक 135 अंशात आत वळलेलं आणि पुढे किमान 65 मिलिमीटर लांब.

कारण वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. जोराचा हादरा बसला की कॉलमवरचं बाहेरचं काँक्रीट आधी सुटून पडतं. रिंगेचं टोक काटकोनात असेल तर ते त्या पडणाऱ्या थरातच असतं. थर गेला की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात, वाकतात आणि कॉलम बसतो. टोक तिरकं आत वळलेलं असेल तर ते कॉलमच्या गाभ्यात रुतलेलं राहतं, बाहेरचं सोलून निघालं तरी सुटत नाही. सिमेंट तेवढंच, स्टील जवळपास तेवढंच. फरक फक्त 45 अंशांचा.

ठेकेदार म्हणाले, "बाई, तीस वर्षं घरं बांधतोय, एक तरी पडलं का?" त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, आजही आहे. जोत्याचा पाया खणताना साडेपाच फुटांवर काळी माती संपून मुरूम लागेल, हे त्यांनी नुसतं शेजारची विहीर बघून सांगितलं होतं आणि ते इंजिनिअरने माती तपासायला घेतलेल्या खड्ड्याशी वीतभर फरकाने जुळलं. ते मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नसतं. पण या तीस वर्षांत आमच्याकडे 1967 सारखा हादरा बसलेला नाही. त्यामुळे या एका प्रश्नाला त्यांचा अनुभव उत्तर देऊच शकत नव्हता.

मग मी नकाशे मागितले. ते शेडमध्ये सिमेंटच्या पोत्यांमागे गुंडाळून ठेवलेले होते, रबरबँडसुद्धा निघालेला नव्हता. तिसरा कागद उघडला. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना होत्या, आणि त्यातली पाचवी सूचना हीच होती: रिंगांची टोकं 135 अंश. शेजारी आकृतीसुद्धा. बीम आणि कॉलमच्या जोडाजवळ रिंगा तीन इंचांवर, मधल्या भागात सहा इंचांवर. जे शोधण्यासाठी मी इतक्या रात्री घालवल्या, ते मी पैसे मोजून आधीच विकत घेतलेलं होतं. इंजिनिअरने बरोबर लिहिलं होतं, पण तो कागद ज्याच्या हातांपर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

फिटर कर्नाटकातल्या विजयपूरकडचा, विशीतला मुलगा. मराठी चांगलं बोलायचा. मी त्याला आकृती दाखवली तर म्हणाला, "येतं की बाई, पुण्याला मोठ्या साइटवर असंच करत होतो." मग इथे का नाही? त्याची मजुरी किलोमागे होती. टोक आणखी वळवायला वेळ लागतो, वजन मात्र वाढत नाही. शिवाय अशी रिंग उभ्या सळयांत ओवायलाही त्रास होतो. म्हणजे नीट काम करणाऱ्याच्या खिशातूनच पैसे जाणार, अशी ती रचना. रिंगांसाठी मजुरी थोडी वाढवून द्यायचं ठरलं, ठेकेदारांनीही मान डोलावली. मी फळीवर कोनमापकाने 135 अंशांची रेघ काढून दिली, त्याने त्या रेघेवर खुंटा ठोकला. पुढच्या सगळ्या रिंगा त्या खुंट्यावर निघाल्या.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बाईंनी अभ्यास केला आणि सगळ्यांना वठणीवर आणलं. तसं झालं नाही, आणि पुढचं सांगितलं नाही तर हा लेख खोटा होईल.

रिंगांच्या यशाने मला जोर आला. सळईचं वजन मी स्वतः ताडून पाहिलं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. हे सूत्र पोलादाच्या घनतेवरून निघतं, दहावीच्या मुलांना मी ते आता शिकवतेसुद्धा. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.67 किलो भरायला हवी, आमच्या सरासरी 10.4 भरल्या. मानकात या जाडीला 5 टक्के कमीअधिक चालतं, म्हणजे माल ठीक होता. इथवर बरं चाललं होतं.

मग आलं काँक्रीटचं पाणी. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकात एम 20 या प्रतीच्या काँक्रीटच्या ठरीव मिश्रणाला 50 किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, असं मी वाचलं होतं. कॉलम भरायच्या दिवशी रजा काढून मी मिक्सरजवळ मोजायची बादली घेऊन उभी राहिले. नकाशावर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारं द्रव्य, वापरायला सांगितलं होतं. ते मात्र मीच घालू दिलं नाही, कारण एका व्हिडिओत ते केमिकल म्हणजे काँक्रीटमधली भेसळ असं सांगितलं होतं. माल घट्ट झाला. मिस्त्री दोनदा म्हणाले, "बाई, खाली उतरत नाही." मी पाणी वाढवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलमभोवतीच्या साच्याच्या पाट्या काढल्या. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कॉलमच्या पायथ्याशी हातभर उंचीत खडी उघडी पडलेली, मध्ये बोट जाईल एवढ्या पोकळ्या. आईच्या प्रश्नाचं उत्तर मी ज्या कॉलममध्ये शोधत होते, तोच माझ्या हट्टाने पोकळ झाला होता. मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसले.

इंजिनिअरना फोन केला. फीमध्ये साइटवरच्या भेटी धरलेल्याच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. ती गोष्ट मला आजही खटकते. ज्याला घराची पहिली आणि एकच वेळ आहे, त्याला काय विचारायचं हे ठाऊक नसतं. ज्याचं ते रोजचं काम आहे त्याने ते आधी बोलायला हवं. दर भेटीचे वेगळे पैसे ठरले, आणि इंजिनिअर त्याच संध्याकाळी आले.

त्यांनी हातोडीने कॉलम खालपासून वरपर्यंत वाजवून पाहिला, खडूने खूण केली. मला रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी कमी ठेवलंत ते बरोबर. पण पाणी कमी आणि सळया दाट, तर माल उतरणार कसा? त्याचसाठी प्लास्टिसायझर लिहिलं होतं. आणि माल हलवून खाली बसवणारा हा 40 मिलिमीटर जाड सुईचा व्हायब्रेटर या रिंगांतून खाली जातच नाही, 25 चा आणायला हवा होता." रिंगा दाट, पाणी कमी, बारीक सुईचा व्हायब्रेटर, प्लास्टिसायझर, हे सगळं एकाच विचाराचे भाग होते. त्यातला एक आकडा सुटा उचलून मी त्याच्या बळावर भांडत होते. वर अजून स्लॅबचं ओझं आलेलं नव्हतं म्हणून दुरुस्ती जमली. सुटं काँक्रीट रिंगांच्या आतपर्यंत, टणक लागेतो छिन्नीने काढलं, तारेच्या ब्रशने साफ केलं, पाट्या बांधून न आकसणारं मायक्रोकाँक्रीट ओतलं.

पुढे काम वेगळ्या तऱ्हेने चाललं. प्रत्येक ओतकामाच्या आदल्या दिवशी इंजिनिअर यायचे, ठेकेदार, फिटर आणि मी सोबत, नकाशा उघडा. वहीत तारीख आणि सह्या. मला कळत नसे ते मी आदल्या रात्री वाचून प्रश्न लिहून आणायची, पण निर्णय इंजिनिअरचा. स्लॅब एप्रिलमध्ये ओतला. त्या उन्हात पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला 14 दिवस पाणी हवं, हे आईने मनावर घेतलं. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलेलं असे. सत्तरीची बाई रोज सकाळी शिडीच्या पायथ्याशी उभी राहून मला वर पाठवायची, कुठलं आळं आटलंय ते बघायला. दिनदर्शिकेवर तिने चौदा फुल्या मारल्या.

गिलावा होण्याआधी मी घराच्या प्रत्येक भिंतीचे, कॉलमचे, पाइपचे फोटो काढले, शेजारी टेप धरून. त्यांची फाईल केली. तो दुरुस्त केलेला कॉलमही त्यात आहे, कधी काढलं, काय ओतलं, खडूची खूण कुठवर होती, सगळं.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर बसवायचा होता. प्लंबरने नेमकी त्या दाराजवळ, त्याच कॉलमच्या खालच्या भागावर जागा धरली आणि ड्रिल लावायला घेतलं. आई आतून म्हणाली, "थांब रे बाबा, फाईल बघितल्याशिवाय नाही." मी फाईल आणली. त्याने फोटो बघितला, टेपने मोजलं आणि दीड फूट बाजूला, विटांच्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली.